तांबोळी मॅडमची चूक

तांबोळी मॅडम जाऊन आता दोन वर्षं होतील. पण अजूनही एखाद्या परिषदेत चहाच्या वेळी कुणीतरी मला बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "तुम्ही तिथं होतात ना हो? त्या खरंच असं बोलल्या?"

होतो. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. आणि त्या खरंच असं बोलल्या.

डॉ. हमिदा तांबोळी आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवायच्या. बेगडेवाडी स्टेशनात उतरून पंधरा मिनिटं चाललं की आमचं कॉलेज. त्या रोज लोणावळ्याहून लोकलने यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला मोठी काळी पर्स, आणि प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून ठेवायची सवय. "आत पाणी आहे," एवढंच कारण सांगायच्या. आम्ही विद्यार्थीही मग चपला बाहेर काढायला लागलो. परगावचे पाहुणे आमच्या दाराबाहेरचा चपलांचा ढीग बघून आत एखादी पूजा चालली असेल असं समजायचे.

पाणी, हवा आणि गाळ ही तिन्ही एकत्र वाहायला लागली की कोण कुणाला अडवतं, कोण कुणाला ओढतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यातही बुडबुडे. वडिलांचं लोणावळ्याच्या बाजारात सायकलींचं पंक्चर काढायचं दुकान होतं. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून निघतो ते बघायचं, हे काम लहानपणी त्यांच्याकडे असे. "अब्बा विचारायचे, दिसला का? मी म्हणायचे, हितंच कुठंतरी असेल. मग ते ट्यूब माझ्या हातातून काढून घ्यायचे." हे सांगताना त्या कधी हसायच्या नाहीत. त्यांचं सगळं शिक्षण त्या घमेल्यात झालं होतं, पुढच्या पदव्या नुसत्या त्यावर चढल्या होत्या, असं मला वाटतं.

कारण त्यांचाही एकच प्रश्न असायचा. तुम्ही काहीही सांगायला जा, "मॅडम, पंप आवाज करतोय," "मॅडम, आज कॅन्टीन बंद आहे," त्या मान वर करून विचारायच्या, "पाहिलंस, की वाटलं?" या तीन शब्दांनी आमच्या कितीतरी पिढ्यांची झोप उडवली. एकदा एका मुलाने रजेच्या अर्जात 'आजी अत्यवस्थ असल्याने' असं लिहिलं होतं. मॅडमनी सवयीने तोच प्रश्न विचारला. मुलगा रडायलाच लागला. मॅडम इतक्या खजील झाल्या की त्याला स्वतः रिक्षात बसवून तळेगावच्या दवाखान्यात आजीला बघायला घेऊन गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "पाहिलं. खरंच बरं नाहीये त्यांना."

प्रयोगशाळेच्या मधोमध दोन काचेच्या नळ्या उभ्या होत्या. दीड माणूस उंच, मांडीएवढ्या जाड. एकीत साधं पाणी, दुसरीत गाळाचं. गाळ पवना धरणाच्या काठावरचा, तिकोणा पेठेजवळून मॅडम आणि आमचे प्रयोगशाळा सहायक किसनभाऊ पोत्यांतून आणायचे, वाळवायचे, बारीक चाळणीतून चाळायचे. दोन्ही नळ्यांच्या तळाशी बारीक सुई. सुईतून बुडबुडा सुटायचा आणि नागमोडी वर जायचा. तो किती वेळात वर पोचतो ते कॅमेऱ्याने टिपायचं. मॅडम मात्र कॅमेऱ्यावर विसंबून नसत. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्या चक्क आडव्या व्हायच्या आणि सुईच्या पातळीला डोळा लावून बघत राहायच्या. नवीन प्राचार्य पहिल्या दिवशी फेरी मारायला आले तेव्हा त्यांना वाटलं, बाईंना चक्कर आली. ते "पाणी आणा, पाणी आणा!" म्हणून ओरडले. मॅडम पडल्या पडल्या म्हणाल्या, "दोन नळ्या भरून आहे. जरा हळू बोला, बुडबुडा सुटतोय."

साध्या पाण्यापेक्षा गाळाच्या पाण्यात बुडबुडा फार हळू चढतो, हा त्यांचा मोठा शोध. अगदी थोडा, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका गाळ असला तरी बुडबुड्याचा वेग निम्म्यावर येतो. हे कसं होतं याचं त्यांनी एक सूत्र मांडलं. ते त्यांच्या नावाने पुस्तकांत गेलं. बाहेरदेशी लोक ते वापरायचे. एकदोघांनी कळवलंही होतं की, आमच्याकडे एवढा फरक पडत नाही. मॅडमनी उत्तर पाठवलं होतं, तुमचा गाळ वेगळा असेल.

त्या विषयावर त्यांचा किती जीव होता ते मी एकदा लोणावळ्याजवळच्या धबधब्यावर पाहिलं. आम्हा सातआठ विद्यार्थ्यांना त्या मुद्दाम भर पावसाळ्यात तिथं घेऊन गेल्या होत्या. खालच्या डोहात दहाबारा पर्यटक मुलं शर्ट काढून उड्या मारायच्या तयारीत होती. मॅडम पुढे झाल्या.

"पलीकडे मारा उडी. इथं फेस आहे, इथं नको."

"आंटी, हमें स्विमिंग आती है," एकजण हसून म्हणाला.

मॅडमनी शेजारच्या गाडीवरून एक शहाळं घेतलं आणि डोहाच्या शांत बाजूला टाकलं. ते पाण्याबाहेर जेमतेम टाळू काढून तरंगत राहिलं. तेच काठीने ओढून घेतलं आणि धबधब्याच्या पायथ्याशी, पांढऱ्याशुभ्र फेसात फेकलं. ते दगडासारखं गेलं. आम्ही सगळे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने ते खूप खाली, पार वळणावर वर आलं.

"फेस म्हणजे अर्धी हवा," मॅडम म्हणाल्या. "हवेत पोहता येतं का तुला?"

मुलाने शर्ट घातला. ज्या पाण्याचे आम्ही लहानपणापासून फोटो काढत आलो होतो, ते माणसाला असं गिळतं, हे मावळात राहूनही आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होतो. तिसरं वर्ष चालू होतं. माझा सगळा प्रबंध त्यांच्या सूत्रावर उभा होता, त्यांनी एकमजली घर बांधलं, मी त्यावर माडी चढवत होतो असं म्हणा. त्याच वर्षी कॉलेजने ठरवलं की मॅडमच्या नावाने एक संशोधन केंद्र काढायचं. इमारत तयार होती. उद्घाटनाला बाहेरून मोठे पाहुणे यायचे होते. मॅडमच त्याच्या पहिल्या संचालक होणार होत्या.

कार्यक्रमाला चार आठवडे असताना किसनभाऊंनी मुलीच्या लग्नासाठी रजा घेतली. ते टाकवे बुद्रुकचे. नोकरीला लागल्यापासून सलग इतके दिवस रजा त्यांनी घेतलीच नव्हती. नळ्या धुवायचं काम माझ्यावर आलं. मला त्याचा कंटाळा. मी गाळाची नळी पाइप लावून नुसती खळाखळा धुतली, पुन्हा पाणी आणि गाळ भरला आणि रीडिंग घ्यायला बसलो.

बुडबुडा सुसाट वर गेला.

मी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. चार दिवस मी तेच करत होतो. गाळाच्या नळीतला बुडबुडा साध्या पाण्यातल्या बुडबुड्याइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच वेगाने जात होता. पाचव्या दिवशी मी वही घेऊन मॅडमसमोर उभा राहिलो. मला वाटत होतं, कॅमेरा बिघडला.

त्यांनी वही वाचली. प्रश्न विचारला नाही. उठून आत गेल्या, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि संध्याकाळपर्यंत बुडबुडे बघत पडून राहिल्या. लोकल चुकली तरी उठल्या नाहीत. उठल्या तेव्हा गालावर फरशीचा वळ होता.

"तू नळी कशानं धुतलीस?"

"नुसत्या पाण्यानं. चुकलं का मॅडम?"

त्या चपला घालून स्टेशनकडे निघाल्या.

सोमवारी किसनभाऊ लग्न उरकून, पेढे घेऊन आले. मॅडमनी पेढा घेतला, मुलीची, जावयाची चौकशी केली. मग विचारलं, "किसनभाऊ, गाळाची नळी तुम्ही कशी धुता?"

"लख करतो की, बाई. रोज. तुमी यायच्या आदी."

"कशानं?"

"पावडरीनं. कपड्याच्या. हितं देत्यात ती लय कमी पडती, म्हून घरनंच आणतो."

"आणि साध्या पाण्याची?"

"तिला काय लागतंय? निस्ती विसळतो. तिला कुटं चिखल हाय?"

"कधीपासून?"

"पयल्यापासून." किसनभाऊंचा चेहरा फुलला होता. इतक्या वर्षांत कुणी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं नव्हतं. "आमी कदी बोललो न्हाई. काच कशी दिसती बगा, आरशावानी."

मॅडम खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "छान धुता तुम्ही."

साबणाचा अंशसुद्धा पाण्यात राहिला तरी तो बुडबुड्याला चिकटतो आणि त्याचा वेग मारतो, हे आमच्या विषयातलं पहिल्या वर्षाचं ज्ञान. गाळाच्या नळीत रोज साबण जात होता आणि साध्या नळीत नाही. बुडबुड्याला गाळाने कधी अडवलंच नव्हतं. अडवला होता तो पावडरीने. सूत्र खोटं. पुस्तकं खोटी. माझी तीन वर्षं खोटी.

किसनभाऊ बाहेर गेल्यावर मी मॅडमना हात जोडले. "मॅडम, आत्ता नको. कार्यक्रम होऊ द्या. केंद्र उभं राहू द्या. मग आपण सावकाश पुन्हा प्रयोग करू, दुरुस्ती म्हणून छापू. कुणाला काही कळणारसुद्धा नाही."

मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "घरी जा, मिलिंद. जेवून घे." नंतर दोन दिवस त्या कॉलेजला आल्या नाहीत. पुढे पंधरा दिवस या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. पत्रिका वाटल्या गेल्या. सभागृहाबाहेर मांडव उभा राहिला. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला, तेही सांगून टाकतो.

कार्यक्रमाच्या दिवशी प्राचार्यांनी अर्धा तास त्यांचं कौतुक केलं. पाहुण्यांनी केलं. मॅडम माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या, "ज्या कामासाठी तुम्ही मला इथं उभं केलंत, ते काम चुकीचं आहे."

प्राचार्यांना तो विनय वाटला. त्यांनी हसून टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून सगळ्या सभागृहाने वाजवल्या.

"टाळ्या नकोत," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण ऐका."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन नळ्या, दोन तऱ्हेची धुलाई, साबण. किसनभाऊंचं नाव घेतलं नाही. "माझ्या प्रयोगशाळेत नळी कशी धुतली जाते हे मी एकदाही विचारलं नाही. लोकांनी मला पत्रं लिहून शंका कळवल्या. मी त्यांनाच चूक ठरवलं. माझे निबंध मी मागे घेत आहे. या सूत्रावर ज्यांनी पदव्या घेतल्या, त्यांची मी अपराधी आहे."

कुणाचा तरी फोन वाजला आणि तो बंद करायचंही त्या माणसाला सुचेना. किसनभाऊ मंचाच्या पायऱ्यांपाशी मोठा पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. भाषण संपलं की तो द्यायचा असं त्यांना सांगून ठेवलं होतं. भाषण संपलं होतं. द्यायचा की नाही ते त्यांना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या क्षणी मला दिसलं, त्यांना सगळं समजलंय.

मॅडम खाली उतरल्या आणि मधल्या वाटेने बाहेर गेल्या. मी धावत प्रयोगशाळेत पोचलो तर त्या रेशमी साडीत जमिनीवर आडव्या होत्या, सुईकडे बघत.

पुढे काय व्हायचं ते झालं. केंद्राची पाटी लागली नाही. त्या इमारतीत परीक्षा विभाग गेला. मॅडमचं विभागप्रमुखपद गेलं. सगळ्यांत मोठा धक्का दिला तो वैशालीताईंनी. त्या मॅडमच्या पहिल्या पीएच.डी. विद्यार्थिनी, दुसऱ्या एका कॉलेजात प्राध्यापक. त्यांचा फोन आला तेव्हा मी समोरच होतो. आवाज बाहेरपर्यंत येत होता. "मॅडम, तुम्ही खरं बोलून मोठ्या झालात. आमचं काय? आम्हाला आधी एक फोन करता आला नसता?"

मॅडम फोन ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. तो करायला हवा होता." पुढचे चार शनिवार त्या वैशालीताईंच्या घरी जात राहिल्या. तीनदा त्यांना दारातून परत पाठवलं गेलं. चौथ्यांदा आत घेतलं. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण पुढच्या महिन्यापासून वैशालीताई सुट्टीच्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत यायला लागल्या, चेहरा फुगवलेलाच असायचा, पण यायच्या.

किसनभाऊ तर नोकरी सोडायला निघाले. "माज्या हातानं तुमचं वाटुळं झालं, बाई. मला तोंड दावायला जागा न्हाई."

"तुमच्या हातानं काच स्वच्छ झाली," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला विचारायचं काम माझं होतं. आता मला सांगा, साबण न लावता ही नळी तितकीच स्वच्छ कशी करायची?"

किसनभाऊ आठ दिवस त्या नळीशी झटत होते. उकळतं पाणी, जुनं मऊ धोतर, वेळूच्या काठीला बांधलेला बोळा, असं करत करत त्यांनी एक रीत बसवली. त्या रीतीने आम्ही पहिल्यापासून सगळं पुन्हा मोजलं. मॅडमच्या निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं उरली होती. त्या वयात माणूस सत्काराच्या शाली घड्या करून ठेवतो. मॅडम रोज जमिनीवर आडव्या होत होत्या आणि स्वतःच्याच शोधाचा एकेक आकडा खोडत होत्या.

तीन वर्षांनी छोटासा निबंध छापून आला. इतका बारीक गाळ बुडबुड्याला अडवत नाही, एवढाच त्याचा निष्कर्ष. मी लेखकांची नावं वाचली आणि पुन्हा वाचली. मॅडमचं, वैशालीताईंचं, माझं आणि चौथं किसनभाऊंचं. विभागात खळबळ उडाली. नळ्या धुणाऱ्याचं नाव शोधनिबंधावर? प्राचार्यांनी बोलावून विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आमच्या चौघांत पाणी स्वच्छ कसं ठेवायचं ते एकट्या त्यांनाच कळतं." किसनभाऊंनी तो निबंध टाकव्याला नेला. त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, स्वतःचं नावही इंग्रजीत होतं. ते कुठं आहे ते त्यांनी मला बोटाने तीनदा दाखवायला लावलं.

निवृत्तीच्या दिवशी समारंभ झाला नाही. विभागात चहा झाला, दोन जण बोलले. संध्याकाळी मी मॅडमना स्कूटरवरून बेगडेवाडी स्टेशनवर सोडलं. ती आमची शेवटची भेट, पुढच्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. फलाटावर गर्दी नव्हती. लोणावळ्याची लोकल यायला वेळ होता. मी म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी मी तुम्हाला गप्प राहायला सांगितलं. त्याची मला अजून लाज वाटते. तुम्ही किती ठाम होतात."

त्यांनी खांद्यावरची पर्स पुढे घेतली.

"माझ्या पर्समध्ये दोन भाषणं होती, मिलिंद."

"दोन?"

"एक तुम्ही ऐकलंत ते. दुसऱ्यात सगळ्यांचे आभार होते. प्राचार्यांचे, पाहुण्यांचे. ते जास्त चांगलं जमलं होतं. दोन दिवस रजेवर होते ना, तेव्हा लिहिलं. तू म्हणालास ते मला पटलं होतं."

"मग कधी ठरवलंत?"

"ठरवलंच नाही. माइकपाशी गेले तरी ठरलं नव्हतं. पर्समध्ये हात घातला, तुम्हाला वाटलं असेल चष्मा शोधतेय. हाताला आला तो आभारांचा कागद. उघडला. पहिली ओळ मनात वाचलीसुद्धा. मग घडी घातली आणि परत आत ठेवला."

"का ठेवलात?"

"ते मला अजून सापडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

गाडी आली. त्या बायकांच्या डब्यात चढल्या. खिडकीजवळ जागा मिळाली. मी हात हलवायला पुढे झालो. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोकं मागे टेकून डोळे मिटले. तांबोळी मॅडमना डोळे मिटून बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गाडी हलली, फलाट सुटला, तरी त्यांनी ते उघडले नाहीत.